शेर, किलो आणि दोन पैशांची पुडी : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या दुकानाचे प्रकरण

हे प्रकरण १९५७ ते १९६२ या काळातले आहे. आण्यांच्या जागी नवे पैसे आणि शेराच्या जागी किलो आला तेव्हा एका किराणा दुकानाचे आणि त्या गावात फिरणाऱ्या फेरीवाल्यांचे गणित कसे विस्कटले आणि कसे पुन्हा बसले, ते इथे मांडले आहे. गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही. भाव त्या दुकानातले आहेत, दुसऱ्या गावात आणा-दोन आण्यांचा फरक असे.

पार्श्वभूमी

दारव्हा तालुक्यातले दीडेकशे घरांचे गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि तूर. बहुतेक घरे मजुरांची आणि सालदारांची; मोठे कास्तकार आठ-दहा. माल मूर्तिजापूर-यवतमाळ या छोट्या रुळाच्या गाडीने, म्हणजे शकुंतलेने, दारव्ह्याला उतरे आणि तिथून बंडीने, म्हणजे बैलगाडीने, गावात येई. आषाढात नाला भरला की पोळ्यापर्यंत बंडीची वाट बंद. त्यामुळे ज्येष्ठातच मीठ, गूळ, रॉकेल, काडेपेट्या भरून ठेवाव्या लागत. मिठाची पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवत, तरी ते पाझरायचेच. गुळाच्या भेल्याही भाद्रपदापर्यंत सुटायला लागत. ही तूट धरूनच दुकानदार भाव ठरवी, आणि रुपयामागे एक आणा सुटला तर धंदा बरा मानी.

दुकान दुसऱ्या पिढीतले. आताच्या दुकानदाराचा बाप आधी तट्टावर पडशी घालून गावोगाव फिरायचा : हळद, सुपारी, सुया, काळे मणी, खोबरे. उधारी वसूल करायला एकाच गावात वारंवार थांबावे लागू लागले, तेव्हा तो तिथेच टेकला. वऱ्हाडातली कितीतरी दुकाने अशीच फेरीतून उभी राहिली. त्याच्याही आधी मीठ आणि धान्य वाहायचे ते लमाणांच्या बैलांचे तांडे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचल्यावर तांड्यांचा लांब पल्ल्याचा व्यापार ओसरला आणि स्टेशनाच्या गावचा ठोक व्यापारी व खेड्यातले दुकान अशी साखळी बसली.

फेरीवाला मात्र संपला नाही. दुकानाकडे उधारी होती आणि रोजचा माल होता. फेरीवाला दारात, वावराच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर येत होता आणि त्याला नाणे लागत नव्हते. या गावात बांगड्यांचा मनियार, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, मीठ-कांद्याची बंडी आणि कापसाच्या दिवसांत गुळाचा फेरीवाला असे चौघे नेमाने येत. पहिल्या दोघांशी दुकानाचा संबंधच येत नसे. मिठाच्या बंडीशी थोडा. गुळाच्या फेरीवाल्याशी मात्र थेट गाठ होती.

आधी पैसा बदलला

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होते. पावली म्हणजे बरोबर २५ नवे पैसे आणि अधेली ५०, त्यामुळे मोठ्या नाण्यांत घोळ नव्हता. घोळ खाली होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे आणि जुना एक पैसा म्हणजे दीडाहून किंचित जास्त. सरकारी कोष्टकात जुन्या एका पैशाला २, दोन पैशांना ३, तीन पैशांना ५ आणि आण्याला ६ नवे पैसे दिले होते. जुनी आणि नवी नाणी बरीच वर्षे बरोबरच चालली. भोकाचा पैसा आणि चौकोनी पाच पैसे एकाच गल्ल्यात पडत.

दुकानात संध्याकाळी येणारे गिऱ्हाईक मजूर बाईचे. दिवसाची मजुरी दहा-बारा आणे, आणि तिची खरेदी अशी : एका पैशाचे तिखट, एका पैशाची हळद, एका पैशाचे मीठ, एका पैशाचे तेल पळीने. चार जिनसा मिळून एक आणा. नव्या नाण्यात दुकानदाराच्या मुलाने प्रत्येक जिनसेचे कोष्टकाप्रमाणे २ नवे पैसे लावले. पोरगा सातवी झालेला, कोष्टक पाठ. चारांचे ८ झाले. आण्याचे व्हायला हवे होते ६. बाईला शेकडा तीसच्या आसपास जास्त पडले, आणि पुडी होती तेवढीच राहिली. मुलाने लबाडी केली नव्हती, प्रत्येक ओळ कोष्टकात होती. चूक एवढीच, की कोष्टक बेरजेला लावायचे असते, जिनसेला नव्हे.

उधारीच्या वहीत हा प्रश्न आलाच नाही. त्या दिवाळीला नवी वही पूजली तेव्हा दुकानदाराने प्रत्येक खात्याची बाकी आधी आणे-पैंत (एका आण्याच्या १२ पै) काढली आणि मग एकदाच फिरवली. ११ आणे ९ पैंचे ७३ नवे पैसे झाले, कुणाची तक्रार आली नाही. वहीत जी काळजी घेतली ती गल्ल्यावर घेतली नाही. उधारीचे खाते कास्तकाराचे होते आणि पैशाची पुडी मजुराची, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

मग वजन बदलले

१९५८ च्या मुंबई वजनमापे अंमलबजावणी कायद्यानंतर किलो टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ पर्यंत शेराला कायद्याने जागा उरली नाही. दारव्ह्याचे ठोक व्यापारी आधी वळले. १९६० च्या हंगामात दुकानदार साखर क्विंटलच्या बिलावर आणत होता आणि गावात शेराने विकत होता. १०० किलोचे शेर होतात १०७. हे सात शेर कुणाचे, हा प्रश्न गावात कुणी विचारला नाही. पण दारव्ह्याला जाऊन आलेल्या दोघा कास्तकारांनी हिशोब केला आणि कुजबुज सुरू झाली.

त्याच हंगामात ओट्यावर शेराशेजारी किलोचीही वजने आली होती, आणि दुसरी अडचण त्या संचातच होती. शेराचे भाग अर्ध्या-अर्ध्याने पडतात : अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. किलोची वजने १, २, ५ अशी चढतात : ५०० ग्रॅम, २००, १००, ५०. यात २५० चे वजनच नाही. बाई ‘पाव’ मागायची. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम. घाईच्या वेळी हात जवळच्या एका वजनावर पडे, २०० वर. तूरडाळ तेव्हा आठ आणे शेर, म्हणजे पावशेराचे दोन आणे, नवे पैसे १२. त्याच १२ पैशांत २०० ग्रॅम गेली तर किलोला ६० पैसे पडतात. खरा भाव येतो ५४. अदपावाच्या जागी १०० आणि छटाकाच्या जागी ५० गेले की तूट तीच, सातवा हिस्सा.

बायकांनी ही तूट वजनाने नाही, वाटीने पकडली. घरच्या वाटीत पावशेर डाळ कुठवर येते हे प्रत्येकीला माहीत होते. “शेटजी, मले पावशेर पायजे होती, हे त कमीच दिसून राह्यलं,” असे एकीने दुकानात सांगितले, आणि पुढच्या आठ दिवसांत सगळ्या मजूर वस्तीने तेच धरले.

फेरीवाल्याची सोय

या सगळ्यात गुळाच्या फेरीवाल्याला नाणे लागत नव्हते आणि किलोही लागत नव्हता. वेचणीची मजुरी वेचलेल्या कापसातल्या हिश्श्याने मिळे. तो हिस्सा घेऊन बाई निघाली की धुऱ्यावरच फेरीवाला उभा. सौदा बरोबरीचा : जेवढा कापूस तेवढा गूळ, एका पारड्यात हे, दुसऱ्यात ते. वजनच नको, त्यामुळे शंकेलाही जागा नाही. डोळ्यांसमोर दांडी सरळ उभी राहते यासारखा विश्वासाचा पुरावा नाही.

पण कापूस होता बारा आणे शेर आणि गूळ सहा आणे. बरोबरीच्या सौद्यात बाईचा अर्धा कापूस फुकट जात होता. शिवाय त्याच्या तराजूला पासंग होता की नाही, म्हणजे एक पारडे मुळातच जड होते की काय, हे पाहायला पारडी अदलाबदल करावी लागतात, ते कुणी करत नसे.

दुकानाच्या रोजमेळात वेचणीच्या दिवसांत संध्याकाळची रोख विक्री नऊ-दहा रुपये असायची. १९६० च्या मार्गशीर्षात ती सहाच्या आसपास आली.

कोणते पर्याय समोर होते

शेरच चालू ठेवावा, हा दुकानदाराचा पहिला कल. गिऱ्हाइकाला तो कळत होता. पण माल किलोत येणार आणि शेरात जाणार, म्हणजे सात शेरांची कुजबुज वाढणार, आणि तालुक्याच्या बाजारात वजनांवर शिक्के मारायला येणारा निरीक्षक कधी ना कधी गावात येणार. यात फक्त वेळ निघाला असता.

दुसरा पर्याय दिलदारीचा : शेराच्या भावात किलो द्यावा. १५ शेर म्हणजे जवळजवळ नेमके १४ किलो. शेराच्या भावात किलो दिला तर चौदाव्या हिश्श्याने माल जास्त जातो, शेकडा सात. नफाच रुपयामागे आणा, शेकडा सव्वासहा. दुकानदाराच्या बायकोने हा हिशोब तिथल्या तिथे मांडला आणि हा पर्याय त्याच दिवशी बाद झाला.

तिसरा : किरकोळ विक्री सोडून द्यावी, खातेदार कास्तकारांवर दुकान चालवावे. तालुक्यातल्या काही दुकानदारांनी हेच केले. पण खातेदाराचा पैसा माघात येतो आणि दारव्ह्याचा व्यापारी महिन्याला मागतो. मधली निकड संध्याकाळच्या त्या नऊ रुपयांवरच भागत होती.

चौथा : फेरीवाल्याला गूळ दुकानातून ठोक द्यावा. विचारून पाहिले. त्याचा गूळ स्वस्त येत होता, त्याने नकार दिला.

पाचवा पर्याय उरला : भाव, वजन आणि पुडी तिन्ही एकाच दिवशी नव्याने बांधणे, आणि वेचणीचा कापूस दुकानाने रोखीने घेणे.

काय केले

आधी फळ्यावर खडूने नवे भाव लिहिले. फुकट गेले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना वाचता येत नव्हते.

मग दुकानाच्या ओट्यावर तराजू टांगला. एका पारड्यात किलो, दुसऱ्यात शेर. दांडी किलोकडे झुकली. शेराच्या पारड्यात तोळ्याची वजने टाकत गेले. पावणेसहा तोळ्यांवर दांडी सरळ झाली. नंतर पारडी बदलून पुन्हा तेच करून दाखवले, म्हणजे पासंगाची शंका नको. किलो शेरापेक्षा मोठा आहे, म्हणून भावही थोडा मोठा असेल, हे पाहणाऱ्यांना न सांगता कळले. भावाचा नियम साधा ठेवला : शेराच्या भावाला १५ ने गुणा, १४ ने भागा. चौदा आणे शेराची साखर पंधरा आणे किलो, म्हणजे ९४ नवे पैसे. गूळ सहा आणे शेर, तो ४० पैसे किलो. मीठ आणा शेर, ते ७ पैसे किलो.

पावाचा प्रश्न लाकडाच्या ठोकळ्याने सुटला. सुताराकडून दोन खोबणींचा ठोकळा करून घेतला. २०० आणि ५० शेजारी शेजारी. पाव मागितला की दोन्ही एकदम उचलायची, आणि तौल झाल्यावर दोन्ही परत बसल्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. आता पावात २५० ग्रॅम जाऊ लागले. दाम त्याप्रमाणे वाढले, पण घरच्या वाटीत डाळ आधीपेक्षा वर आली, आणि तक्रार तिथेच थांबली.

पुड्यांना जास्त वेळ लागला. तिखट दीड रुपया शेर. जुन्या पैशाच्या पुडीत ९-१० ग्रॅम जायचे. नवी पुडी २ पैशांची, म्हणजे साधारण साडेबारा ग्रॅमची हवी. एवढे लहान वजन हातात तोलत बसलो तर संध्याकाळची गर्दी उरकत नाही. म्हणून एक पत्र्याचा चमचा कापून बसवला आणि रोज दुपारी बांधलेल्या पुड्यांपैकी दहा एकत्र तोलायच्या : १२५ ग्रॅम, म्हणजे १००, २० आणि ५ ची वजने. कमी भरल्या तर सगळ्या पुड्या पुन्हा बांधायच्या. बारीक दळलेले तिखट चमच्यात घट्ट बसते आणि जाडसर मोकळे, म्हणून नवे पोते फोडले की चमचा पुन्हा तपासायचा. गुळाला हे काहीच लागले नाही : २ पैशांत ५० ग्रॅम, १० पैशांत पाव, हिशोब सरळ.

बेरीज आधी, नाणे नंतर, हा नियम गल्ल्यावरही लागला. जुनी नाणी घेऊन येणाऱ्या बाईचे सगळे सामान जुन्या भावात जोडून मग एकदाच फिरवायचे.

कापसाची खरेदी : सगळ्यात अवघड निर्णय

बारा आण्यांचा कापूस दुकानाने अकरा आणे शेर, म्हणजे ७४ पैसे किलोने घ्यायचे ठरवले. एक किलो कापूस देणाऱ्या बाईला एक किलो गूळ घेऊन ३४ पैसे हातात उरत. फेरीवाल्याकडे तेवढ्याच कापसात तेवढाच गूळ आणि हात रिकामे. एवढा फरक एकदा प्रत्यक्ष मोजून दाखवल्यावर दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

अडचण कास्तकारांची होती. दुकान कापूस घेते म्हटल्यावर वावरातून ओटीत लपवून आणलेला कापूसही येणार, पोरे खाऊसाठी उचलून आणणार. कास्तकार हेच दुकानाचे मोठे खातेदार. दोघांनी येऊन स्पष्ट सांगितले, की चोरीचा कापूस घेतलात तर खाते बंद. दुकानदाराने नियम बांधले : पोरांकडून कापूस घ्यायचा नाही, दिवस मावळल्यावर घ्यायचा नाही, ज्या वावरात वेचणी चालू आहे तिथल्या बाईकडूनच, आणि तिच्या हिश्श्याच्या अंदाजात बसेल तेवढाच. सकाळचा कापूस दवाने जड असतो, म्हणून खरेदी दुपारनंतर. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी, तिचा भाव वेगळा. ढीग रॉकेलच्या डब्यांपासून दूर, मागच्या कोठ्यात, आणि तिथे विडी ओढायची नाही.

तरी एका कास्तकाराने खाते दुसऱ्या गावच्या दुकानात नेले. त्याची शंका खोटी होती असे छातीठोक म्हणता येणार नाही. हिश्श्याचा अंदाज हा अंदाजच असतो.

परिणाम

१९६१ च्या पोळ्यापर्यंत किरकोळ विक्री पूर्वीच्या पातळीवर आली. त्या वर्षीच्या वेचणीत गुळाचा फेरीवाला आला, पण धुऱ्यावरची गर्दी ओसरली होती. तो बरोबरी सोडून कापसाला दीडपट गूळ द्यायला लागला. म्हणजे ज्यांनी दुकानाला कापूस दिला नाही त्यांनाही थोडा लाभ झाला, आणि तो दुकानाच्या भावामुळेच झाला. मनियार आणि बोहारीण यांच्या धंद्याला काही धक्का लागला नाही.

कापसाच्या खरेदीत दुकानाला फारसे सुटले नाही. दारव्ह्याला नेण्याचे बंडीभाडे, वाळून घटलेले वजन आणि कवडीची तूट जाऊन शेरामागच्या एका आण्यातले जेमतेम निम्मे हाती येई. फायदा गल्ल्यावर झाला : कापूस विकून बाई तिथेच सामान घेत होती.

वेगळे काय करता आले असते

पैसा १९५७ मध्ये बदलला आणि पुडी १९६१ मध्ये. ही मधली जवळपास चार वर्षे दुकानाला सगळ्यात महाग पडली. नाणे बदलले त्याच आठवड्यात पुडीचे माप बदलायला हवे होते, निदान दोन-दोन जिनसा मिळून तीन पैसे घ्यायला हवे होते. जुन्या दोन पैशांना तीन नवे हे जवळजवळ बरोबर बसते.

शेर आणि किलो दोन्ही वजने एका हंगामात ओट्यावर शेजारी ठेवली, ही सोय वाटली पण तिनेच संशय वाढवला. कोणत्या वजनाने तोलले हे गिऱ्हाइकाला लांबून दिसत नाही. तुलना एकदा चारचौघांत दाखवावी आणि शेर त्याच दिवशी पेटीत घालावा.

दुकानदाराची बायको दुपारी गल्ल्यावर बसायची. पुडीवरची कुरबूर तिच्या कानावर पहिल्या महिन्यातच आली होती, आणि शेराच्या भावात किलो का परवडत नाही हे तिनेच दाखवले. तिला विचारून पुड्या बांधल्या असत्या तर फळ्याचा खटाटोपही वाचला असता.

कास्तकारांशी बोलणे कापूस घेण्याआधी व्हायला हवे होते. नियम तेच ठरले असते, पण चावडीवर सगळ्यांसमोर ठरले असते, आणि गेलेले ते एक खाते कदाचित राहिले असते.

मिठाच्या बंडीचा प्रश्न मात्र सुटलाच नाही. ती ज्वारीवर मीठ द्यायची आणि पायलीने मापायची. पायली गावागावाला वेगळी. भरताना शीग ठेवली की हाताने सारखी केली यावरही माल बदलतो. इथे किलोचे काही चालले नाही, कारण तौल कुणी मागत नव्हते. दुकानाला करता आले असते ते एवढेच : गावात चालणारी पायली एकदा भरून किलोत किती ज्वारी बसते ते तोलून ठेवणे, आणि बंडी आली की विचारणाऱ्या बाईला तो आकडा आणि मिठाचा ७ पैसे किलोचा भाव सांगणे.